शेंड्याने वाढणारं रोप आणि शेप ट्वीन

ॲडोबी ॲनिमेट या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या फ्रेमवर इवलासा कोंब काढला. साठाव्या फ्रेमवर सहा पानांचं उंच रोप काढलं. मधल्या फ्रेमवर उजवी क्लिक करून ‘क्रिएट शेप ट्वीन’ निवडलं, म्हणजे एका आकाराचा दुसरा आकार होतानाची मधली चित्रं सॉफ्टवेअरला भरायला सांगितली, आणि एंटर दाबलं. वाटलं होतं, कोंब हळूहळू वर येईल, एकेक पान फुटेल, उलगडेल. पडद्यावर मात्र हिरव्या लगद्याचा एक गोळा वर ओढला जातो, त्याला मध्येच शिंगं फुटतात, ती एकमेकांतून आरपार जातात आणि अगदी शेवटच्या पाच-सहा फ्रेममध्ये घाईघाईने त्याचं रोप होतं. ॲनिमेशन शिकणाऱ्या बहुतेकांनी हा गोळा पाहिलेला असतो, मीही पाहिला आहे. बरेच जण तिथेच शेप ट्वीनचा नाद सोडतात आणि प्रत्येक फ्रेम हाताने काढायला बसतात.

मला हे साधन मनापासून आवडतं, म्हणून हा लेख. रोप म्हणजे काय, पान कुठून फुटतं, आधी काय वाढतं आणि मग काय, यातलं शेप ट्वीनला काहीच ठाऊक नसतं. ते आपण त्याला सांगायचं असतं, आणि त्याला फक्त बिंदूंची भाषा कळते. ती भाषा एकदा उमगली की रोपाची वाढ दाखवणं हे शेप ट्वीनचं सगळ्यात सुंदर काम ठरतं.

मधल्या चित्रांचा हिशेब

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार महत्त्वाच्या अवस्था काढायचा: उडीआधी दबलेलं शरीर, हवेतलं शरीर, जमिनीवर टेकलेलं शरीर. मधली चित्रं भरायला वेगळे सहायक असायचे. त्यांना ‘इनबिटवीनर’ म्हणत. ‘ट्वीन’ हा त्याच ‘बिटवीन’चा तुकडा. हे मधलं काम संगणकाकडे सोपवण्याची खटपट १९७० च्या आसपास कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी केली. पुढे १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते मॅक्रोमीडियाने विकत घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली आणि २०१६ मध्ये फ्लॅशचं नाव ॲनिमेट झालं. ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद पडला, पण ॲनिमेटमधला शेप ट्वीन आजही त्याच तत्त्वावर चालतो.

ते तत्त्व कळण्यासाठी फ्लॅशच्या प्रकाशित फाइलमध्ये शेप ट्वीन कसा साठवलेला असे, हे पाहणं फार उपयोगी आहे. फाइलमध्ये फक्त दोन आकार असत, पहिला आणि शेवटचा, दोन्हींच्या कडांची संख्या सारखी केलेली. शिवाय प्रत्येक फ्रेमसाठी ० ते ६५,५३५ यांमधला एकच आकडा. ० म्हणजे पूर्णपणे पहिला आकार, ६५,५३५ म्हणजे पूर्णपणे शेवटचा. मधलं चित्र साठवलेलं नसायचंच. त्या एका आकड्यावरून ते ऐन वेळी मोजून काढलं जायचं.

मोजणी अगदी शाळकरी आहे. समजा कोंबाचं टोक पहिल्या फ्रेमवर जमिनीपासून २० पिक्सेल उंचीवर आहे आणि ४९व्या फ्रेमवर २६० पिक्सेलवर. मध्ये ४८ पावलं, एकूण चढ २४० पिक्सेल, म्हणजे दर फ्रेमला ५ पिक्सेल. २५व्या फ्रेमवर टोक बरोबर १४० वर असणार. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा सगळा प्रवास दोन सेकंदांचा. आकाराच्या बाह्यरेषेवरच्या प्रत्येक बिंदूबाबत हेच: इथून निघायचं, तिथे पोचायचं, सरळ रेषेत, आणि सगळ्यांनी एकाच वेळी निघून एकाच वेळी पोचायचं.

रोपाच्या ॲनिमेशनमधली जवळजवळ प्रत्येक अडचण या एका वाक्यातून निघते. कोणत्या बिंदूने कुठे जायचं हे चुकू शकतं. सरळ रेषेत जाणं चुकीचं असू शकतं. आणि सगळ्यांनी एकदम निघणं तर रोपाच्या बाबतीत साफ चूक असतं.

पान उलटं का होतं

दोन आकारांतल्या बिंदूंच्या जोड्या सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने लावतं. पहिल्या आकारात चार बिंदू आणि शेवटच्यात साठ असले तर तो अंदाज हमखास चुकतो. म्हणून सुरुवातीचा आकार नव्याने काढूच नका. शेवटचा आकार आधी नीट काढा, आणि त्याचीच प्रत पहिल्या कीफ्रेमवर (जिचं चित्र आपण स्वतः ठरवतो ती फ्रेम म्हणजे कीफ्रेम) आणून ती बिंदू ओढत ओढत लहान करा. थोडक्यात, काम उलटीकडून करायचं: मोठं पान आधी, कळीएवढं नंतर.

एक पान करून पाहू. लाइन टूलने एक रेषा काढून ती सिलेक्शन टूलने एका बाजूला वाकवा. तिच्याच दोन टोकांना जोडणारी दुसरी रेषा काढून ती उलट बाजूला वाकवा. मध्ये हिरवा रंग ओता आणि बाह्यरेषा काढून टाका. या पानाला दोनच कोपरे आहेत: खाली देठाकडचा आणि वर टोकाचा. हेच पान ब्रशने काढलं असतं तर कडेवर डझनभर बिंदू साचले असते. ब्रशचंच पान हवं असेल तर ‘मॉडिफाय’ मेन्यूतल्या ‘शेप’खालचं ‘ऑप्टिमाइझ’ वापरून बिंदू कमी करून घ्या.

आता ३०व्या फ्रेमवर एफ६ दाबा, म्हणजे पूर्ण वाढलेल्या पानाची प्रत तिथे बसेल. पहिल्या फ्रेमवर परत या, टोक धरून देठाजवळ आणा, दोन्ही फुगीर कडा आत दाबा. देठाला चिकटलेली एक बारीक हिरवी चीर उरेल. तीच कळी. मग मध्ये शेप ट्वीन द्या. इतका साधा आकार असेल तर बहुतेक वेळा पान छान उघडतं. नाही उघडलं, तर देठाकडचा बिंदू टोकाच्या दिशेने निघतो, टोकाचा देठाकडे, आणि पान मध्येच पलटी खातं. अशा वेळी शेप हिंट लागतात.

शेप हिंट म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली खूण: हा बिंदू शेवटी त्या बिंदूवर जाणार. पहिल्या कीफ्रेमवर उभं राहून कंट्रोल, शिफ्ट आणि एच दाबलं की ‘ए’ अक्षराचा एक लाल गोल येतो. तो पानाच्या टोकावर नेऊन ठेवा. मग शेवटच्या कीफ्रेमवर जा. तिथेही ‘ए’ आलेला असतो, तो तिथल्या टोकावर ठेवा. जोडी जमली की शेवटच्या फ्रेमवरचा गोल हिरवा होतो आणि पहिल्यावरचा पिवळा. गोल लालच राहिला, तर तो कडेवर नीट बसलेला नाही असं समजा आणि थोडा सरकवून बघा. अशा खुणा ए पासून झेडपर्यंत, म्हणजे २६ देता येतात. पानाला चार पुरतात: टोकाला ए, डाव्या फुगीर कडेवर बी, देठाशी सी, उजव्या कडेवर डी.

हा क्रम मुद्दामच दिला आहे. खुणा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, वरून सुरू करून लावल्या की सॉफ्टवेअर सगळ्यात कमी गोंधळतं. आणि दोन्ही कीफ्रेमवर क्रम तोच हवा. पहिल्यावर ए, बी, सी आणि शेवटच्यावर ए, सी, बी असं झालं की पान पिळलेल्या कपड्यासारखं दिसतं. माझी सवय अशी की एक खूण लावायची, चालवून बघायचं, मग दुसरी. चारही एकदम लावून मग नेमकी कोणती चुकली हे शोधण्यात जास्त वेळ जातो.

‘ब्लेंड’ नावाचा एक पर्याय प्रॉपर्टीजमध्ये दिसेल. ‘अँग्युलर’ सरळ कडा आणि कोपरे जपतं, ‘डिस्ट्रिब्युटिव्ह’ मधले आकार मऊ ठेवतं. रोपासाठी दुसरं. आणि ट्वीन लागतच नसेल, टाइमलाइनवर (फ्रेमच्या आडव्या पट्टीवर) बाणाऐवजी तुटक रेषा दिसत असेल, तर बहुधा शेवटची कीफ्रेम राहिली आहे किंवा आकार ग्रुप वा सिम्बॉलमध्ये (एकदा करून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या चित्रात) अडकला आहे. तो निवडून कंट्रोल आणि बी दाबून मोकळा करा.

वाकलेली मान

घेवड्याचं बी रुजताना जवळून पाहावं. आधी मूळ खाली जातं. मग मातीतून जे वर येतं तो शेंडा नसतोच. वर येते ती खोडाची कमान. खोड मान वाकवून पाठीने माती फोडतं आणि मागून बीजदलं व कोवळा शेंडा ओढून घेतं, त्यामुळे नाजूक टोक मातीत घासलं जात नाही. उजेड लागला की मान सरळ होऊ लागते, दोन जाडसर बीजदलं वर उचलली जातात आणि त्यांच्या मधून पहिली खरी पानं बाहेर येतात. सरळ काडीसारखा वर येणारा कोंब आणि मान वर काढणारा कोंब, दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघा. दुसऱ्यात श्रम दिसतात, मातीचं वजन जाणवतं.

आणि नेमका इथेच शेप ट्वीन सगळ्यात जास्त ठेचकाळतो.

घड्याळाचा १०० पिक्सेल लांबीचा काटा बारावरून तीनवर न्यायचा आहे असं समजा. खऱ्या घड्याळात काट्याचं टोक गोल फिरतं. शेप ट्वीनमध्ये ते बाराच्या जागेवरून तीनच्या जागेकडे सरळ रेषेत निघतं, म्हणजे कोपरा कापून जातं. निम्म्या वाटेवर काट्याची लांबी जेमतेम ७१ पिक्सेल उरते. आता तोच काटा बारावरून सहावर न्या. टोकाचा सरळ रस्ता थेट मध्यातून जातो आणि निम्म्या वाटेवर लांबी शून्य होते! खाली वळलेली मान वर करताना ती मध्येच आक्रसून नाहीशी होते आणि पुन्हा उगवते, त्याचं कारण हेच. वापरणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, पण ते सांगितल्याप्रमाणे सरळ रेषेत चाललेलं असतं.

उपाय म्हणजे वाटेत थांबे द्यायचे. ९० अंशांऐवजी ४५ अंशांवर एक कीफ्रेम दिली तर आक्रसणं १०० वरून ९२ पर्यंतच होतं. ३० अंशांच्या टप्प्यांनी गेलात तर ९७. इतका फरक डोळ्याला कळत नाही. ६० अंशांच्या टप्प्यात मात्र ८७ पर्यंत घट होते आणि ती दिसते. म्हणून कमानीतून सरळ होणारी मान मी नेहमी ३० अंशांच्या टप्प्यांनी करते: पूर्ण १८० अंशांसाठी सहा टप्पे, सात कीफ्रेम. प्रत्येक कीफ्रेम आधीच्या कीफ्रेमवरूनच एफ६ ने करायची आणि मान थोडी थोडी वाकवायची, म्हणजे बिंदूंच्या जोड्या आपोआप टिकतात.

पानाच्या बाबतीत याहून सोपी युक्ती आहे. पान उघडतानाच बाजूला झुकतही असतं, म्हणजे आकारही बदलतो आणि दिशाही. दोन्ही कामं शेप ट्वीनवर लादू नका. आकार शेप ट्वीनने उघडा, पण पान एका सिम्बॉलच्या आत ठेवा, आणि झुकणं त्या सिम्बॉलला फिरवून दाखवा. सिम्बॉल फिरतो तेव्हा तो खराखुरा फिरतो, कोपरा कापत नाही. फिरण्याचा मध्यबिंदू तेवढा फ्री ट्रान्सफॉर्म टूलने देठाच्या मुळाशी नेऊन ठेवायला विसरू नका, नाहीतर पान पोटातून गिरकी घेतं.

वाढ कुठे होते

आता सगळ्यांनी एकदम निघण्याची गोष्ट, जी मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

झाडाच्या खोडात माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खिळा ठोकला आणि वीस वर्षांनी पाहिलं, तर खिळा तिथेच असतो. झाड उंच होतं ते वरच्या टोकाकडून. शेंड्यावर सतत विभागणाऱ्या पेशींचा एक बारीक भाग असतो, त्याच्या लगेच खालचा कोवळा भाग लांबत असतो, आणि त्याच्याही खालचं खोड उंचीच्या दृष्टीने स्थिरावलेलं असतं. ते पुढे जाड होईल, पण लांब होणार नाही.

शेप ट्वीनमधला खिळा काय करतो? मघाच्या उदाहरणात कोंब २० पिक्सेलचा होता. त्याच्या निम्म्यावर, १० पिक्सेलवर एक ठिपका आहे असं समजा. कोंब २६० चा झाला की तो ठिपका १३० वर पोचतो. म्हणजे खिळाही वर चढला. सगळं खोड रबरासारखं ताणलं गेलं. पाहणाऱ्याला वनस्पतिशास्त्र येत नसलं तरी त्याच्या डोळ्याला हे खटकतं, कारण ताणलेलं रबर आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि वाढलेलं झाडही.

मग खोड शेंड्याने कसं वाढवायचं? पुन्हा उलटीकडून. शेवटच्या फ्रेमवर पूर्ण खोड काढा: बुंध्याशी थोडं जाड, वर निमुळतं, जरा वळण असलेलं. त्याची प्रत आधीच्या कीफ्रेमवर घ्या आणि फक्त वरचा भाग खाली ओढून आखूड करा. खालच्या भागाला हात लावू नका. मग त्याच्या आधीची कीफ्रेम, आणखी थोडं आखूड. असं करत बुंध्यापर्यंत या. लागोपाठच्या दोन कीफ्रेममध्ये खालचे बिंदू जिथल्या तिथे असल्यामुळे सरळ रेषेचा हिशेब त्यांना हलवत नाही. हलतो तो शेंडा. बुंध्याच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर, खालचं खोड जिथे संपतं तिथे दोन्ही कडांवर आणि टोकावर शेप हिंट लावून टाका, म्हणजे खालचं खोड जागचं सरकणार नाही. कीफ्रेम जितक्या जास्त, तितका हलणारा भाग आखूड. दहा सेकंदांच्या दृश्यात खोडाला पाच-सहा कीफ्रेम मला पुरल्या आहेत.

आणि इथे निसर्गाचा नियम व सॉफ्टवेअरची सोय एकाच बाजूला येतात. खोड रबरासारखं ताणलं जात असेल तर त्यावरच्या प्रत्येक पानाची जागा प्रत्येक फ्रेमला सरकते. पानं वेगळ्या लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) असल्यामुळे ती खोडापासून सुटून हवेत तरंगतात आणि आपण फ्रेमगणिक त्यांना परत चिकटवत बसतो. खोड शेंड्याने वाढत असेल तर खालच्या पानांची गाठ एकदा ठरली की ठरली. रोपाचं खरं निरीक्षण केलं की काम वाढेल असं वाटतं, पण ते कमी होतं.

थोडी सूट मात्र द्यावी लागते. शेंड्याजवळ नुकत्याच तयार झालेल्या गाठी अजून वर सरकत असतात, कारण त्यांच्याखालचं पेर लांबायचं बाकी असतं. म्हणून नवं पान शेंड्यालगत जन्माला घाला, दहा-पंधरा फ्रेम त्याला शेंड्याबरोबर जरा वर जाऊ द्या, मग थांबवा. एवढ्याशा सरकण्याने रोप जिवंत वाटतं.

गवताचं उलट आहे, हेही जाता जाता सांगते. गवताच्या पात्याची वाढ तळाशी होते. टोक सर्वांत जुनं असतं आणि ते खालून वर ढकललं जातं. म्हणूनच कापलेलं गवत पुन्हा वाढतं. तेव्हा गवत दाखवायचं असेल तर शेप ट्वीनच्या फंदात पडू नका. पूर्ण पातं काढा, जमिनीच्या रेषेवर मास्क (खालचा भाग झाकणारा पडदा) लावा आणि पातं खालून वर सरकवा.

एक पान, सहा वेळा

पानासाठी ३० फ्रेमचा शेप ट्वीन आधीच तयार आहे. तो ग्राफिक सिम्बॉलच्या आत ठेवा. ‘मूव्ही क्लिप’ घेऊ नका, कारण मूव्ही क्लिप स्वतःच्या वेळेने चालते आणि ग्राफिक सिम्बॉल मुख्य टाइमलाइनच्या पावलाने चालतो. टाइमलाइनवरची खूण मागेपुढे ओढून पान नेमकं कुठे किती उघडलं आहे हे पाहता येतं, ते ग्राफिक सिम्बॉलमुळेच. प्रॉपर्टीजमध्ये ‘लूपिंग’खाली ‘प्ले वन्स’ निवडा, नाहीतर पान उघडून झाल्यावर पुन्हा कळी होऊन पुन्हा उघडेल.

आता हाच सिम्बॉल सहा लेयरवर सहा वेळा ठेवा. प्रत्येकाची पहिली कीफ्रेम वेगळ्या वेळी. एक डावीकडे, पुढचा आडवा उलटवून उजवीकडे. आकार आणि कोन थोडे थोडे बदला. घेवडाच करत असाल तर पहिली दोन खरी पानं समोरासमोर येतात, साधी आणि हृदयाच्या आकाराची. त्यानंतरची एकाआड एक बाजूंना येतात आणि प्रत्येक पान तीन पर्णिकांचं असतं. म्हणजे दोन सिम्बॉल लागतील. बीजदलं पुढे सुरकुतून गळतात, तेही दाखवलंत तर उत्तमच: त्यांचा शेप ट्वीन फक्त उलट्या दिशेने, फुगीर आकाराकडून चुरगळलेल्या आकाराकडे.

एका लेयरवर एकच आकार ठेवायचा, हे यात अध्याहृत आहे. एकाच रंगाचे दोन आकार एका लेयरवर एकमेकांना टेकले की ते एकजीव होतात, आणि मग शेप ट्वीन त्या दोघांना मिळून एक समजतो. सुरुवातीला सांगितलेला हिरवा गोळा बहुतेक वेळा असाच जन्मतो.

वेग

वाढीचा वेग सारखा नसतो. एखाद्या पानाची लांबी रोज मोजून आलेख काढला तर तो एका लांबट, आडव्या पडलेल्या ‘एस’सारखा येतो: आधी मंद, मग झपाट्याने, मग पुन्हा मंद होत थांबलेला. शेप ट्वीनचा मूळ हिशेब मात्र दर फ्रेमला सारखंच पाऊल टाकतो. तो फरक ‘ईझ’ने भरून काढायचा. ईझचा आकडा उणे असला तर सुरुवात मंद होते, अधिक असला तर शेवट मंद होतो, आणि मर्यादा दोन्हीकडे १०० ची.

पानाला एकच ट्वीन आहे, तेव्हा तो मधून दोन भागांत तोडा: पहिल्या भागाला उणे ईझ, दुसऱ्याला अधिक. खोडाला मात्र पाच-सहा तुकडे आहेत, आणि तिथे प्रत्येक तुकड्याला ईझ दिला तर खोड दर कीफ्रेमला दचकून थांबतं आणि पुन्हा निघतं. तिथे फक्त पहिल्या तुकड्याला उणे आणि शेवटच्याला अधिक ईझ द्या, मधले सगळे शून्यावर. मग ऑनियन स्किन (आजूबाजूच्या फ्रेमची चित्रं फिकट दाखवणारी सोय) चालू करून शेंड्याच्या लागोपाठच्या सावल्यांमधली अंतरं बघा. कीफ्रेमच्या अलीकडे अंतर मोठं आणि पलीकडे अचानक लहान दिसलं तर ती कीफ्रेम टाइमलाइनवर दोन-तीन फ्रेम मागे-पुढे सरकवा. माझा सगळ्यात जास्त वेळ या सरकवण्यातच जातो आणि त्याचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

शेंडा नुसता वर जात नाही, तो डुलतोही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी हे १८८० मध्ये तपशीलवार मांडलं. रोपाच्या टोकाला काचेचा बारीक तंतू लावायचा, समोर काच धरायची आणि ठरावीक वेळाने टोकाची जागा काचेवर ठिपक्याने नोंदवायची. मग ते ठिपके सरळ रेषांनी जोडायचे. वाढणारा शेंडा वेडीवाकडी वेटोळी घेत वर जातो, असं त्यातून दिसलं. ठिपके अधिक लवकर लवकर घेतले असते तर त्या सरळ रेषा वळणदार झाल्या असत्या, याची त्यांना कल्पना होती. ठिपका म्हणजे कीफ्रेम आणि सरळ रेषा म्हणजे ट्वीन. रोपाची हालचाल कागदावर पकडताना त्यांच्यापुढे जी अडचण होती, तीच टाइमलाइनवर आपल्यापुढे आहे.

तेव्हा खोडाच्या कीफ्रेम करताना शेंडा एकदा किंचित डावीकडे, पुढच्या कीफ्रेमवर किंचित उजवीकडे झुकलेला ठेवा. ताठ झालेलं खालचं खोड तसंच, फक्त वरची कोवळी बोटभर लांबी हलती. झुकाव पाच-सात अंशांपेक्षा जास्त नको, वाऱ्याचा भास व्हायला लागतो.

दहा सेकंदांचं, म्हणजे २४० फ्रेमचं दृश्य मी साधारण असं वाटून घेते. पहिल्या ३० फ्रेममध्ये माती फुगते आणि तडकते, कमानीची पाठ दिसते. ६६ पर्यंत मान सरळ होते. बीजदलं उघडत असतानाच, म्हणजे साधारण ८४ ला, पहिली जोडपानं सुरू होतात. मागचं काम पूर्ण होण्याआधी पुढचं सुरू झालं पाहिजे. त्यानंतर दर २५-३० फ्रेमने एक नवं पान, पण अगदी घड्याळ लावल्यासारखं नको: एकाला २४, दुसऱ्याला ३१. वरची पानं खालच्यांपेक्षा लहान, कारण त्यांना वाढायला वेळच कमी मिळालेला असतो.

शेवटचं पान २२२ ला सुरू करते. त्याला ३० फ्रेम लागतात आणि दृश्य संपायला १८ उरलेल्या असतात, त्यामुळे ते अर्धवट उघडलेलं असतानाच दृश्य संपतं.